अर्धा दुपट्टा

फुलचूरला शांतीबाईच्या घरी देवचंद प्लंबरनं बिडाच्या जुन्या पाइपाचा गळका सांधा फोडला आणि आतून त्याचाच अर्धा दुपट्टा निघाला. दोन वर्षांपूर्वी मंडईच्या जत्रेतलं रात्रीचं नाटक गाठायच्या घाईत शिसं वितळवून ओतायचं सोडून त्यानं खांद्यावरचा दुपट्टा फाडून सांध्यात कोंबला, वरून सिमेंट थापलं. भिंतीला ओल आली तेव्हा शांतीबाईनं त्याला बाजारात विचारलं, "वरची भाडेकरीन लय पानी सांडते, नाही गा?" त्यानं मान डोलावली. मग शांतीबाईनं तिला लेकरांसकट खोलीतून काढलं. नवे भाडेकरू आले, ओल तशीच राहिली. "तुया दुपट्टा इथंच राहून गेला होता," म्हणत शांतीबाईनं आता धुतलेली घडी पुढं केली. "फाटला होता, शिवून ठेवला." देवचंदनं हातातला कुजका तुकडा तिच्या शिवणीला लावला. हिरव्या रेघा जुळल्या. "मंग त्या बाईले कायले काढलं गा मी?"