सात वाजून दहा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांची नजर आधी वेळेवरच जायची. मधुमेहींच्या ऑनलाइन ग्रुपवर 'चिमणी' नावाची बाई रोज सकाळी साखर मोजायच्या मशीनचा फोटो टाकायची. कायम एकशेआठ. सगळे वाहवा करायचे. काकांना मात्र फोटोतली वेळ छळायची. रोज सात वाजून दहा. इतकी शिस्त त्यांच्या दुकानातल्या एकाही घड्याळाला नव्हती. डोळ्याला भिंग लावून त्यांनी बारीक तारीख वाचली. चार महिन्यांपूर्वीची. चारचौघांत न बोलता तिला एकटीला लिहिलं, "ताई, मशीनचं घड्याळ बंद पडलंय का?" "मशीन कपाटात आहे, काका. आकडा बघायची हिंमत होत नाही." काकांनी स्वतःचं बोट टोचलं आणि ग्रुपवर कधी टाकला नसता असा आकडा तिला पाठवला: दोनशेशहाऐंशी. "आता तुम्ही. मी थांबलोय." अर्ध्या तासानं फोटो आला. काकांनी आधी वेळ पाहिली. आत्ताची होती.