वेगाला वेसण

"एवढं मोठं पुरेल?" वडिलांनी विचारलं.

मेकॅनिकने मागच्या चाकाचं नवं स्प्रॉकेट, चेन फिरते ते दातेरी चक्र, वर धरून दाखवलं. जुन्यापेक्षा ते चांगलंच थोराड होतं.

"पुरून उरेल. मागे दाते वाढवले की गाडी चढाला जोरात ओढते, पण पळत नाही. ऐंशीच्या पुढे नेली की इंजिन नुसतं बोंबलतं. चार दिवस वैतागेल आणि मग येईल वळणावर."

"त्याला मात्र कळता कामा नये."

"चेन झिजली होती, सगळा सेटच बदलला, असं सांगतो. विषय संपला."

वडील स्टुलावर टेकले. कडक इस्त्रीचा शर्ट, तेलाचा डाग लागू नये म्हणून अंग चोरून. "घरात बाईमाणूस नाही हो. मीच त्याची आई, मीच बाप. कामावरून सुटला की हायवेला उधळतो. पोरगं हातचं जाईल, या धास्तीने माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

मेकॅनिकचा धाकटा भाऊ असाच हायवेवर गेला होता. त्यामुळे त्याला फार पटवावं लागलं नाही. आपल्या बापाला हे वेळेवर सुचलं असतं तर, असं मनात येऊन त्याला भरून आलं. नट आवळताना त्याने जरा जास्तच जोर लावला.

आठवडाभराने पोरगा गॅरेजमध्ये हजर.

"काका, काय केलंत गाडीला? उठते झकास, पण हायवेला माझा जीव खाते."

"तुझ्या चालवण्याला हेच बरं. गर्दीत सारखे गिअर बदलायला नकोत."

"मला गर्दीत कुठे चालवायचीय? सहाला कामावरून सुटतो, आठाच्या आत पोचावं लागतं. आणि केवढं लांब! या आठवड्यात एकदाही वेळेत पोचलो नाही."

"कोण बाबा एवढं वाट बघतंय?" मेकॅनिकने डोळा मारला.

पोरगा हसला, पण ओढूनताणून. "आहे एक जण. रविवारी जमत नाही, बाबा घरी असतात. त्यांच्याकडे बोलू नका हां. आणि गाडी पूर्वीसारखी करून द्या, प्लीज."

"सामान मागवावं लागेल."

पोरगा रोज सकाळी चौकशीला येऊ लागला आणि सामान काही येईना. मेकॅनिक त्याच्या तोंडावर सांगायचा, सामानाचा ट्रक वाटेत अडकला, दुकानदार गावाला गेला. एवढ्या स्वच्छ मनाने तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. पोरगा जिवंत राहतोय ना, मग घालू दे शिव्या!

एकदा त्याने वडिलांच्या कानावरही घातलं. "पोरीचं प्रकरण दिसतंय. आठाच्या आत कुठे तरी पोचायचं असतं म्हणे."

"असेल," वडील म्हणाले. "वयच आहे. पण सामान येऊ देऊ नका."

मग पोरगा यायचा बंद झाला. मेकॅनिकला हायसं वाटलं. आपण एक जीव वाचवला, असं त्याने बायकोला दोनदा ऐकवलं.

काही दिवसांनी वडील स्वतःच ती मोटरसायकल घेऊन आले.

"पूर्वीसारखी करून द्या. पळवू दे त्याला हवी तेवढी."

"सुधारला म्हणायचा!"

"घरातच असतो. भिंतीकडे तोंड करून पडलेला."

"पोरीने नाही म्हटलं असणार," मेकॅनिक चाकाशी उकिडवा बसत म्हणाला. "होईल ठीक. या वयात असंच असतं."

"पोरगी कसली? आई त्याची. मला टाकून गेली होती, आणि शेवटी दवाखान्यात पडल्यावर पोराला बोलावून घ्यायला लागली. गेल्या आठवड्यात गेली." वडिलांनी रुमालाने सीट पुसली. "आठनंतर तिथे कुणालाच आत सोडत नाहीत, हे मी तुमच्याकडे यायच्या आधीच विचारून आलो होतो."