सहा वाजताचा डाव

सहाला पाच मिनिटं असताना भिकाने ओटीवरचा कॉम्प्युटर सुरू केला. चिकूचा चीक तेलाने पुसून काढला होता, तरी बोटं माऊसला चिकटत होती. त्याची बायको पुष्पा आतल्या खोलीत गेली, दक्षाच्या फोटोपुढे दिवा लावायला. दार तिने लोटून घेतलं.

सहाच्या ठोक्याला पडद्यावर खिडकी उघडली. नवकांकरीचा पट.

हा खेळ दक्षाने स्वतः बनवला होता. डहाणूला कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची. पगारातून तिने दोन जुने कॉम्प्युटर घेतले. बरा होता तो आत ठेवला, अगदीच थकलेला होता तो ओटीवर, बापासाठी. दोघांना तारेने जोडलं. खेळ चालायचा आतल्या कॉम्प्युटरवर, पण त्याची खिडकी उघडायची बाहेरच्यावर. ती आतून खेळायची, भिका बाहेरून, मधे भिंत. तीन सोंगट्या ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. हरली की ती भिंतीपलीकडून ओरडायची, "बाबा, चिटिंग!"

२०१७ च्या ऑगस्टमध्ये चारोटीजवळ हायवेवर एका ट्रकने मोटरसायकलला उडवलं. दक्षा मागे बसली होती. चालवत होता सुनिल. तिच्याच क्लासमध्ये शिकवायचा, घर चारोटीला. दोघांचं लग्न ठरत आलं होतं.

दक्षा जागच्या जागी गेली. ट्रक सापडला नाही. सुनिल वाचला.

तो वाचला हेच भिकाला सोसलं नाही. बाराव्याला उजवा हात गळ्यात अडकवून सुनिल आला, तेव्हा भिकाने त्याला अंगणातूनच हाकललं. पोलिसांना जबाब दिला, की पोरगा त्या सकाळी ताडी पिऊन आला होता, मला वास आला. केस उभी राहिली.

मग भिका खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. वाडीत चिकू गळून सडले. पुष्पा ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. आतल्या खोलीत तर त्याने पाऊलच टाकलं नाही. आतला कॉम्प्युटर आणि नेट बंद करून टाक म्हणाला, तर पुष्पा म्हणाली, "राहू दे. पोरीचं एवढं तरी राहू दे."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिने त्याला हाताला धरून उठवलं, कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"चालू करा," म्हणाली, आणि आत गेली.

सहाला पट उघडला. समोरून एक सोंगटी पडली.

भिका समजला. दक्षाने आईलाही चार बटणं शिकवली होती. त्याने काही विचारलं नाही. विचारलं तर ती थांबेल, ही भीती. खेळी फार सावकाश यायची. बिचारीला माऊसची सवय नाही, तो मनात म्हणायचा. एकदा डाव अर्धा टाकून तो पडवीत जाऊन रडला. अर्ध्या तासाने परतला तर पट तसाच वाट पाहत होता. त्याने सोंगटी हलवली, समोरून लगेच उत्तर आलं.

हळूहळू तो जेवू लागला. पावसाळ्याआधी वाडीत खत टाकलं. दिवसभर काहीही होवो, सहाला घरी.

"चांगली खेळतेस हां तू," एकदा जेवताना तो म्हणाला.

पुष्पाने त्याच्या ताटात भाकरी वाढली. "आणखी घ्या."

पुढच्या ऑगस्टमध्ये कोर्टाची तारीख आली. आदल्या दिवशी पुष्पा त्याच्यासमोर येऊन बसली.

"काय सांगणार उद्या?"

"जबाबात आहे तेच."

"त्या सकाळी त्याने माझ्या हातचा चहा घेतला. मी हातभर अंतरावर उभी होते. वास नव्हता."

"मला आला."

"तुम्ही तर वाडीत होतात."



"माझी पोर गेली," तो म्हणाला. "कुणाला तरी भोगायला नको?"

सकाळी तो उठला तेव्हा पुष्पाने पिशवी भरली होती. "वेवजीला जाते, भावाकडे," म्हणाली, आणि रस्त्याला लागली.

डहाणूच्या कोर्टात त्याने शपथ घेतली. वकिलाने विचारलं, तसं त्याने सांगितलं. ताडीचा वास. लाल डोळे. मी नको जाऊस म्हणालो होतो, साहेब. बोलता बोलता त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. सुनिल आरोपीच्या जागी उभा होता. उजवा हात लाकडासारखा लोंबत होता. त्याने मान वर केली नाही. त्याच्या वकिलाने उलट विचारलं, भिका ढळला नाही.

रिक्षाने घरी आला तेव्हा साडेपाच झाले होते. घर गप्प होतं. चूल पेटवायचंही मनात येईना. आज डाव नाही, हे माहीत असूनही त्याने कॉम्प्युटर सुरू केला. नुसता बसून राहिला.

सहाच्या ठोक्याला पट उघडला.

भिकाच्या छातीतून हुंदका आला. आली! मनातलं सगळं गिळून परत आली. "पुष्पा!" तो उठला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्याने आतल्या खोलीचं दार ढकललं.

खुर्ची रिकामी होती. दिवा विझलेला. कॉम्प्युटर चालू होता, आणि पडद्यावर एक सोंगटी हळूहळू सरकत आपल्या जागी जाऊन बसली.

त्याने पुष्पाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"वेवजीला. सांगून तर आले."

"मग इथे कोण खेळतंय?"



"तुमची खाट सुटेना, तेव्हा मीच त्याला फोन केला होता," पुष्पा म्हणाली. "चारोटीहून, त्याच्या घरून, नेटवरून आतल्या कॉम्प्युटरवर खेळतो. रोज. पण आज कोर्टात तुमचं ऐकल्यावर तरी सुनिल डाव मांडणार नाही, असं वाटलं होतं मला."