पेनॉकच्या पबमधला फुकट ग्लास

बालाक्लाव्हाच्या लढाईच्या स्मृतिदिनी पेनॉकच्या पबमध्ये अक्रॉइड घराण्याला बिअरचा पहिला ग्लास फुकट मिळतो. त्यांचा खापरपणजा सायलस त्या लढाईत रशियन तोफांवर घोडा घालून गेला होता. पब काढणाऱ्या जेबेझ पेनॉकने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोघं एकाच रिसाल्यात होते.

यंदा हेस्टर अक्रॉइड लंडनच्या दप्तरखान्यातून आली ती थेट पबमध्ये वडिलांच्या कानाशी वाकली.

"बाबा, ग्लास खाली ठेवा. सायलस त्या दिवशी इस्पितळात होता, हगवणीने आडवा. आजारी शिपायांच्या यादीचा फोटोच आणलाय."

"बरं मग?"

"बरं मग काय? इतकी वर्षं आपण फुकट ढोसतोय! पेनॉकना सांगायला नको?"

म्हाताऱ्याने मिशीवरचा फेस पुसला. "सायलसच्या खाली कोणाचं नाव आहे, ते वाचलंस का, शहाणे?"

हेस्टरने फोनवरचा फोटो मोठा केला. जेबेझ पेनॉक. त्याच इस्पितळात, तोच आजार.

काउंटरमागून आत्ताच्या पेनॉकने विचारलं, "काय गं हेस्टर, लागला का काही शोध?" उत्तराची वाट न बघता त्याने एक ग्लास भरून तिच्यापुढे सरकवला. तोही फुकट.