खुणेचा बोर्ड

“हा बघा. ही माझी खूण. आता बोला!”

खुणेकरांनी मदरबोर्ड काउंटरवर ठेवला आणि त्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. कॉम्प्युटरच्या पेटीतली ती मोठी हिरवी पाटी. तिच्या स्क्रूच्या भोकाशेजारी नेलपॉलिशचा तांबडा ठिपका होता, मोहरीएवढा. सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरबाईंनी चष्मा सावरून तो पाहिला. मग पावती पाहिली. पावतीवर स्वच्छ लिहिलं होतं, ‘जुना बोर्ड बदलून दुसरा दिला.’

खुणेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते मेव्हण्यानं ठेवलेलं. दुरुस्तीला जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर हा गृहस्थ आधी खूण करायचा. छत्रीच्या काडीवर, चपलेच्या टाचेत, मिक्सरच्या बुडाशी. “उद्या मला दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर आधी कानामागे ठिपका द्याल,” बायको म्हणायची. ते हसायचे नाहीत. लोकांवर विश्वास जरूर ठेवावा, पण गाळून घेऊन, असं त्यांचं मत होतं.

या वेळी चिडायला कारणही तसंच होतं. खुणेकर घरी बसून इमारतींचे नकाशे काढायचे. एका शाळेचे बारा नकाशे शुक्रवारपर्यंत द्यायचे होते, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आणि वॉरंटीतला कॉम्प्युटर चार महिन्यांत तिसऱ्यांदा मान टाकून बसला होता. पहिल्यांदा सेंटरनं बोर्ड बदलून दिला, तो नऊ दिवस चालला. पुन्हा बदलून दिला, तो बारा दिवस. बोर्ड काढणं-बसवणं आता खुणेकरांच्या डाव्या हातचा मळ झाला होता. फोनवर ताटकळत ठेवून वाजवतात ती धून तर इतकी पाठ झाली होती, की दाढी करताना तीच गुणगुणायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे.

म्हणून तिसऱ्यांदा बोर्ड देताना त्यांनी मुलीची नेलपॉलिश मागून घेतली. सतरा दिवस वाट पाहिली. आज सकाळी बोर्ड हातात पडला. घरी गेल्या गेल्या त्यांनी पाकीट फोडलं, नकाशांचं भिंग लावलं आणि ठिपका दिसताच आल्या पावली परत फिरले. “अहो, दोन घास तरी खाऊन जा,” बायको म्हणत होती. पण त्यांना भूक कुठली? चार महिन्यांत पहिल्यांदाच पुरावा हाती लागला होता.

बाईंनी आतून टेक्निशियनला बोलावलं. पन्नाशीचा माणूस. बोटांवर चटक्यांचे जुने डाग. त्यानं ठिपका पाहिला, पण मान खाली घातली नाही. हे खुणेकरांना फार खटकलं.

“हा बोर्ड बदललात तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“नाही मॅडम. दुरुस्त केला.”

“पावतीवर तर बदलला म्हणून लिहिलंय.”

“दुसरं काही लिहिलं तर तो इथून बाहेरच पडत नाही. आपल्याला दुरुस्तीची परवानगी कुठंय? नुसती अदलाबदल.” मग तो खुणेकरांकडे वळला. “साहेब, बदली म्हणून येतात ते बोर्डही कुणीतरी परत केलेलेच असतात. वरून पुसतात, खोक्यात घालतात, की निघाले. तुम्हाला दोनदा तसेच गेले. म्हणून या वेळी हाच उघडून बसलो. एक भाग जळला होता, तो नवा टाकला. सहा दिवस माझ्या टेबलावर चालवलाय.”

“वा! चोर तो चोर, वर शिरजोर,” खुणेकर म्हणाले. “खोटी पावती फाडायची आणि वर उपकार सांगायचे!” त्यांनी आल्या आल्याच भरून ठेवलेला तक्रारीचा फॉर्म बाईंपुढे सरकवला. अक्षर नकाशावरचं असावं तसं रेखीव होतं. ‘फसवणूक’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

नियम ठरलेले होते. बाईंनी टेक्निशियनला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि तेही आवाज न चढवता. त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. मग बाईंनी ड्रॉवरमधून पक्कड काढली. परवानगीशिवाय दुरुस्त केलेला बोर्ड वापरात राहू द्यायचा नाही, असाही नियम होता. त्यांनी तो मधोमध कडकन मोडला. खुणेकरांना त्या आवाजानं खरंच बरं वाटलं. इतक्या दिवसांनी इथं कुणीतरी त्यांचं ऐकलं होतं.

“सॉरी सर,” बाईंनी एक सीलबंद खोकं त्यांच्या हातात दिलं. “आता अगदी तुमच्या मनासारखं.”

खोकं कोरं करकरीत दिसत होतं. आधीची दोन्हीही अशीच दिसली होती. खुणेकरांनी ते उगाच उलटसुलट करून पाहिलं.

“आणि सर, फॉर्ममधला एक रकाना राहिलाय,” बाई म्हणाल्या. “बोर्डातला दोष. नेमकं काय बिघडलं होतं? चालूच होत नव्हता, की मध्येच बंद पडत होता?”

खुणेकरांनी पेन उचललं. ते कागदावर टेकेना. काचेच्या दारातून टेक्निशियन रस्ता ओलांडताना दिसत होता, हातात हत्यारांची पिशवी घेऊन.

“सर?”

“माहीत नाही,” खुणेकर म्हणाले. “मी तो लावूनच पाहिला नाही.”