गावातलं पोरगं

रोडग्यांची टोपली श्यामच्या हातात गेली आणि डोमाजीच्या पोटात दुखायला लागलं. मारोतीच्या भंडाऱ्याची पंगत बसली होती. डोमाजीला आज पहिल्यांदाच तिच्यात बसवलं होतं.

"बस, डोमाजी," नव्वदीतले पुंजारामजी म्हणाले. "तू आता बुढा झाला. वाढाले पोरगं आलं."

पोरगं म्हणजे श्याम. वय छप्पन्न. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सोडून तो मागच्याच आठवड्यात गावात परतला होता. डोमाजी अठ्ठावन्नचा. गावाला तिन्ही बाजूंनी धरणाचं पाणी, आणि चौथ्या बाजूच्या सडकेनं खरी पोरं कधीच पुण्याला निघून गेलेली. उरलेल्यांत जो लहान, तो पोरगा. देवळावर झेंडा पोरगा चढवणार, तिरडीला पुढून खांदा पोरगा देणार, पंगत पोरगा वाढणार आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणार. वीस वर्षं हा मान डोमाजीचा होता. श्यामनं तो काहीही न करता, नुसतं उशिरा जन्मून पटकावला.

"पोराचा हात मोकळा हाय, बाप्पा," पंगतीतली आशाबाई म्हणाली. डोमाजीच्या हाताबद्दल ती वीस वर्षांत काही बोलली नव्हती.

श्याम डोमाजीपुढे वाकला. "घ्या ना, डोमाजीभाऊ, अजून एक."

डोमाजीनं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. "कावून बे, पुण्याले नातू हाय ना तुले? तो तिकडं आबा आबा करत असन, अन् तू इथं बुढ्याइले रोडगे चारून राहिला."

जळून बोललेलं कधी कधी फार खरं निघतं. श्याम थांबला. टोपली त्यानं खाली ठेवली.

"बराबर हाय, भाऊ. मायं बी मन लागून नाही राहिलं इथं."

पंगत उठायच्या आत तो परतवाड्याच्या जीपमध्ये बसला होता.

डोमाजीनं टोपली उचलली. त्याला नव्यानं मिसरूड फुटल्यासारखं वाटलं. झेंडा, खांदा, पंगत, सगळं परत आलं होतं. तो रांगेतून अक्षरशः पळाला. म्हाताऱ्यांनी ढेकर दिले, एकमेकांना धरून उठवलं आणि ते काठ्या टेकत घरी गेले.

मग डोमाजी एकटाच जेवायला बसला. पोटातलं दुखणं गेलं होतं, भूक कडकडून लागली होती. पहिला रोडगा संपला. तो वाट पाहत बसला. कशाची, ते त्याला जरा वेळानं कळलं.

तो उठला. टोपली घेऊन आपल्याच रिकाम्या जागेपुढे वाकला.

"घ्या ना, डोमाजीभाऊ, अजून एक."

मग लगबगीनं पलीकडे जाऊन बसला. या खेपेला त्यानं हात आडवे धरले नाहीत.