दोन खोल्या, स्वतंत्र नळ

उज्ज्वलाताईंनी आधार कार्ड पालथं करून पाहिलं. मागे पत्ता होता, मेडशी, तालुका मालेगाव. पुढे नाव-आडनाव होतं. पण ते आडनाव जिल्ह्यात चार जातींत सापडतं. त्यांनी कार्ड पुन्हा सरळ केलं, फोटो पाहिला. फोटोवरूनही काही कळेना.

"मेडशीत घर कुठीसा आलं तुमचं?"

"टाकीजवळ," अश्वजित म्हणाला.

"कायच्या टाकीजवळ?"

"पाण्याच्या."

पाण्याच्या टाकीवरूनही काही ठरेना.

त्याची बायको नीलिमा फरशी पाहत होती. फरशी चांगली होती. दोन खोल्या, स्वतंत्र नळ, मागे कपडे वाळवायला जागा, भाडं साडेचार हजार. तिला सहावा महिना होता. इथं राहिलं तर सासूबाई सकाळच्या एसटीनं मेडशीहून येऊन संध्याकाळी परत जाऊ शकत होत्या.

महिनाभर दोघांनी हेच मांडलं आणि मोडलं होतं. पुण्यात पगार चोवीस हजार. त्यातले दहा खोलीला, आणि दिवसातले दोन तास रस्त्याला. वाशीमच्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या नोकरीचा पगार पंधरा हजार. पण दवाखाना या घरापासून पायी आठ मिनिटं. नीलिमा वाशीम म्हणाली, म्हणून वाशीम ठरलं. पुण्याच्या साहेबांना आज पाचच्या आत 'नको' कळवायचं होतं. फक्त त्याआधी घर मिळायला हवं होतं.

"पुणं सोडून इथल्या दवाखान्यात लागता, बराबर केलं तुमी," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "पुण्यात काय हाय? शेजारी मेला तरी पत्ता लागत नाही. इथं माणूस माणसाची चौकशी करते."

आणि त्यांनी चौकशी पुढे चालू केली. कुलदैवत कोणतं, श्रावण पाळता का, बाईचं माहेर कुठलं. माहेर जऊळका निघालं, तेही काही उपयोगाचं नव्हतं. कुलदैवताच्या प्रश्नाला अश्वजित म्हणाला, "ते आईच पाह्यते." ही उत्तरं त्याला आता पाठ झाली होती. हे सातवं घर. आधीची सहा घरं ऐन वेळी कुणाच्या ना कुणाच्या भाच्याला गेली होती. वाशीममध्ये भाचे फार.

"एक काम करा," शेवटी उज्ज्वलाताई म्हणाल्या. "लग्नाची पत्रिका दाखवा. आजकाल काय बाप्पा, कोणीबी नवरा-बायको म्हणून येते. पोलिसाचं लचांड मांगं नको."

नीलिमाच्या पोटाकडे पाहूनही त्यांना लग्नाचा पुरावा हवा होता. आधार कार्डावर देव छापत नाहीत. पत्रिकेवर छापतात, सगळ्यात वर, रंगीत.

"पत्रिका घरीच राह्यली," अश्वजित घाईनं म्हणाला. "पुढच्या हप्त्यात आणून देतो."

"हाय ना," नीलिमा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

"बँकेत नाव बदलाले लागली होती. तवापासून फायलीतच हाय." तिनं फाइल उघडली, पत्रिका काढली आणि टेबलावर सरळ करून ठेवली.

उज्ज्वलाताईंनी चष्मा लावला. वर कमळावर बसलेले बुद्ध, शेजारी निळ्या कोटातले बाबासाहेब. त्यांनी तारीख वाचली, स्थळ वाचलं, जेवणाची वेळ वाचली, मामा-मामींची नावं वाचली. खाली कुठेतरी सुटका छापली असेल, अशा आशेनं त्या अगदी शेवटपर्यंत गेल्या.

"छान हाय पत्रिका," त्या म्हणाल्या. "कागद जाड हाय."

मग त्यांनी ती दोन बोटांनी पलीकडे सरकवली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! मी तं विसरलीच. आमच्या पुतण्यानं सांगून ठेवलं व्हतं खोल्यांचं."

या वेळी पुतण्या होता.

"राग नको मानू पोरी," त्या नीलिमाला मायेनं म्हणाल्या. "पण खरं सांगू? तुमी वाटत नाही."

"काय वाटत नाही?"

"तेच."

नीलिमानं पत्रिका फाइलीत ठेवली, फाइलीचं बटण लावलं आणि उठली.

फाटकाबाहेर येऊन अश्वजितनं पुण्याला फोन लावला. 'नको' म्हणायला दोन वाक्यं तयार केली होती; 'सोमवारी येतो सर' एकाच वाक्यात झालं.

"आईले काय सांगू?" त्यानं फोन खिशात ठेवत विचारलं.

"सांगा, वाशीमले घर भेटलं नाही," नीलिमा म्हणाली. "खोटं थोडीच हाय."

दोघं चार पावलं गेली असतील, तोच गच्चीवरून हाक आली.

"अवो दादा! त्या दवाखान्यात एक्स-रेले तुमीच राह्यणार ना? आमच्या ह्यांच्या गुडघ्याचा फोटो काढा लागते. तिथं लाइन लई राह्यते. जरा वळखीनं नंबर लावून द्याल का?"

अश्वजितनं वर पाहिलं.

"नाही जमणार ताई. मी पुण्याले चाललो."

"पुण्याले?" उज्ज्वलाताई कठड्यावरून खाली वाकल्या. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. "काहून बाप्पा? इतकं चांगलं गाव सोडून?"